लाइन खराब आहे

आई तार्तूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती,
सोव्हिएत काळात.
कानांवर काळा हेडफोन, समोर दोरांचं जंजाळ,
आणि काचेपलीकडच्या खोलीत एक माणूस
ज्याचं नाव तिनं घरी कधी उच्चारलं नाही.
त्यानं काचेवर बोट वाजवलं
की आई दोर ओढायची.
स्टॉकहोमच्या भावाशी बोलणारा कुणी
वाक्याच्या मध्यावरच बुडायचा.
आई म्हणायची, "लाइन खराब आहे. उद्या लावा."

मी तालिनला, बंदराजवळ, पाचव्या मजल्यावर.
आमची कंपनी काही लिहीत नाही, छापत नाही.
नावाला पत्ता जुळवून देते,
नि कुणाच्या दारावर लोंढा आला तर थोपवते.
पहिल्या दिवशी ताव्हेत म्हणाला होता:
आपण नळ. पाणी कुठलं, पितं कोण,
हे नळानं विचारायचं नसतं.
मला ते इतकं आवडलं
की आईला फोन करून सांगितलं.
ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, लाइन गेली.

फेब्रुवारीत ती तक्रार आली.
पहिली नव्हे, एकशे बारावी. पण ही मी वाचली.
विल्यांडीची सिग्ने ऊइबो, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी.
तिच्या घराचा फोटो, मुलाच्या बसचा नंबर,
खाली तीनशे जण
आधी कोण जातो याची पैज लावत.
"पोलीस म्हणाले, सर्व्हर परदेशात.
सर्व्हरवाले उत्तर देत नाहीत.
तुम्ही नक्की कोण ते मला कळत नाही,
पण एकदा त्यांचं पान उघडलं नाही
तेव्हा तिथं तुमचं नाव दिसलं."

नियमावलीत तिच्यासाठी वाक्य नव्हतं.
रात्री अडीचला ताव्हेतनं ते लिहिलं,
वकिलानं त्यातला एक स्वल्पविराम हलवला,
मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.
लोकांना वाटतं तसं बटण नसतं.
एक ओळ असते. तिच्याआधी हॅश टाकायचा,
की ती ओळ यंत्राला दिसेनाशी होते.
टाकला.
बंदरात बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा भोंगा.
त्या रात्री मला गाढ झोप लागली. लपवणार नाही.

चार दिवसांनी ते परत उभे,
दुसऱ्या देशातून, दुसऱ्या नळानं,
आता कपाळावर हुतात्म्याचा टिळा लावून.
सिग्नेचं एका ओळीचं पत्र आलं:
चार दिवसांत सामान हलवता आलं.

ते वाक्य मात्र राहिलं.
एप्रिलमध्ये त्याच्यावर बोट ठेवत एक लाकूड कंपनी आली.
जंगलतोडीवर लिहिणारे तिघे आहेत,
त्यांच्या पानावर आमच्या संचालकाच्या घराचा फोटो आहे.
होता. मी पाहिला.
फोटो तोडलेल्या रानाचा. खुंटच खुंट.
घर एका कोपऱ्यात, नखाएवढं.
ताव्हेत म्हणाला, वाक्य तर तेच आहे.
तेच होतं. स्वल्पविरामासकट.
मी म्हटलं, सोमवारी बघू.

रविवारी आईकडे. ती शेपू चिरत होती.
सगळं सांगितलं, सिग्नेचंही.
"तो दोर मीही ओढला असता," ती म्हणाली.
मग सुरी थांबवून,
"बंद केल्यावर त्या माणसांना काय सांगता?"
सेवाशर्तींचा भंग, कलम सात.
"आणि कुणी फोन करून विचारलं तर?"
आम्ही नंबर देत नाही, आई.

ती हसली, असं म्हणता येणार नाही.
"मी निदान खोटं बोलायचे. तोंडानं.
आणि पलीकडून श्वास ऐकू यायचा."

आज सोमवार. ती ओळ उघडून बसलेय.
हॅशच्या कळीवर बोट आहे, दाबलेलं नाही.
काचेवर कुणी वाजवत नाही.
वाजवलं असतं तर
निदान त्याचं नाव घरी न उच्चारता आलं असतं.